रंगात पाणी किती?

जलरंग शिकवणारे शिक्षक मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगतात : रंग कोणता हा एक प्रश्न, आणि त्यात पाणी किती हा दुसरा. लाल रंगात पाणी वाढवले तरी तो लालच राहतो. फक्त खालचा कागद त्यातून दिसू लागतो. मोबाईलच्या पडद्यावरचा रंग असाच पातळ करायचा तर यंत्राला ते कसे लिहून सांगावे, हा आजचा विषय. विषय शहरी वाटेल, पण माझ्यापर्यंत तो सोयाबीनच्या शेतातून आला.

आमच्या विद्यार्थ्यांनी एक संकेतपृष्ठ तयार केले. मागे नळदुर्गच्या किल्ल्याचे छायाचित्र, त्यावर पांढरी पाटी, आणि पाटीवर शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख. किल्ला झाकू नये म्हणून "पाटी निम्मी पारदर्शक करा", असे मीच सुचवले. दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या वडिलांचा शेतातून फोन आला, "सर, किल्ला झकास दिसतोय, पण तारीख काही दिसंना!"

चूक कोठे झाली? पानाची मांडणी आणि रंग सांगणाऱ्या भाषेला सीएसएस म्हणतात. नॉर्वेच्या होकून व्हीयुम ली यांनी १९९४ मध्ये तिची कल्पना मांडली. १९९६ मध्ये तिची पहिली प्रमाण आवृत्ती निघाली. त्या आवृत्तीत रंग होते, पण रंगात पाणी नव्हते. ते अधिकृतपणे आले २०११ च्या रंगविषयक मानकात, आणि तेही दोन वाटांनी. पहिली वाट 'ओपॅसिटी'ची. ती सबंध वस्तूला लागू होते. पाटी विरळ झाली की पाटीवरची अक्षरेही विरळ होतात. आम्ही हीच वाट धरली होती. दुसरी वाट 'आरजीबीए'ची. तिच्यात पाणी फक्त त्या एका रंगात पडते. पाटीच्या पांढऱ्या रंगात ते घातले, तर अक्षरे काळीभोर राहतात.

आता लेखनाकडे वळू. 'आरजीबीए' या नावापुढे कंसात चार आकडे येतात. लाल, हिरवा आणि निळा यांचे पहिले तीन ० ते २५५ या मापाचे. चौथा मात्र ० ते १ या मापाचा. निम्मा पातळ लाल म्हणजे २५५, ०, ०, ०.५. मध्ये नुसते स्वल्पविराम! शेर आणि हात एकाच रांगेत मांडल्यासारखे हे झाले.

आणखी एक रीत आठ अक्षरांच्या संकेताची. तीत शेवटची दोन अक्षरे '८०' असली, तर नवखा माणूस ८० टक्के असे वाचील. पण ही मोजणी सोळाच्या पटीची : सोळा आठे एकशे अठ्ठावीस, म्हणजे २५५ च्या जेमतेम निम्मे. शिवाय अँड्रॉइडच्या रंगलेखनात हीच दोन अक्षरे सर्वांत आधी येतात. अक्षरे तीच, अर्थ निराळा.

म्हणून पुढच्या, चौथ्या पातळीच्या मसुद्यात साधी युक्ती केली आहे : २५५ ० ० / ५०%. तिरपी रेघ सांगते, 'येथे रंग संपला, आता पाणी.' मापही टक्क्यांत, कोणालाही कळेल असे. रेघ आणि टक्का लिहिलाच नाही, तर रंग पुरता घट्ट.

मग जुने लेखन रद्द झाले काय? मुळीच नाही. २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. म्हणून उस्मानाबाद लिहिलेली जुनी कागदपत्रे काही कोणी फेकून दिली नाहीत. तसेच 'आरजीबीए' हे आता 'आरजीबी'चेच दुसरे नाव मानले जाते आणि दोन्ही चालतात. याउलट, जुन्या यंत्राला नवी ओळ कळली नाही, तर ते ती सोडून पुढे जाते. म्हणून आधी घट्ट रंगाची ओळ लिहावी, तिच्याखाली पातळ रंगाची. ज्याला जी कळेल ती त्याने घ्यावी.

आम्ही पाटीचा पांढरा ८५ टक्के ठेवला आणि अक्षरे घट्ट काळी केली. साध्या मजकुराचे अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे, असा सुगम्यतेचा दंडक आहे. तो पाळलाच, पण त्याहून मोठी परीक्षा म्हणून भर दुपारी अंगणात उभे राहून मोबाईल पाहिला. तारीख दिसली. मगच त्या गृहस्थांना फोन केला.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या शाळेचे पान तयार कराल तेव्हा मुलांना हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला सांगा : रंग कोणता, आणि पाणी कशात घालायचे? आणि पान पुरे झाले की ते एकदा उन्हात नेऊन पाहा.