डोकं दुखतंय? मग आणखी वर नको

मी डॉक्टर आहे आणि उन्हाळ्यात ट्रेकच्या तुकड्यांबरोबर लडाखला जातो. आज एकाच प्रश्नावर बोलतो: उंचीवर सोबत्याची तब्येत बिघडली, तर आपण काय करायचं?

लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, त्यामुळं दर श्वासाला ऑक्सिजनही कमीच. "डॉक्टर, मी दर रविवारी गड चढतो," असं बरेच जण सांगतात. छान आहे! पण आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली उंचीवर आजारी पडलेल्या १,९२५ भारतीय जवानांची नोंद प्रसिद्ध केली. जवान धडधाकटच होते की!

डोकेदुखी, मळमळ, थकवा ही पहिली पायरी. तिथंच थांबा, विश्रांती घ्या. दारू आणि झोपेची गोळी नको. दिवसभरात बरं वाटलं नाही, तर खाली उतरा.

आता धोक्याच्या खुणा. बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही: फुफ्फुसांत पाणी होतंय. बोलणं असंबद्ध, तोल जातोय: मेंदूला सूज येतेय. शंका आली, तर टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. जमलं नाही, तर "सकाळी बघू" म्हणू नका. ऑक्सिजन लावा, ऊब द्या आणि लगेच खाली न्या. त्याला एकटं सोडू नका, शक्यतो चालवू नका. डेक्सामेथासोन, निफेडिपिन ही औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानं द्यावीत. पण ती मिळाली म्हणून उतरणं लांबवू नका.

एका मुक्कामी आमच्यातले एक काका रात्रभर खोकत होते. सगळ्यांची सहल बिघडेल म्हणून गप्प राहिले. पहाटे त्यांना बसल्या जागी धाप लागली. ऑक्सिजन लावून खाली आणलं, म्हणून वाचले.

प्रत्येक ठिकाणाहून असं सरळ उतरता येत नाही. पँगाँग ४,२०० मीटरच्या वर आहे आणि तिथून लेहला यायच्या नेहमीच्या रस्त्यावर चांग ला लागते, ५,३०० मीटरपेक्षा उंच. म्हणजे उतरण्यासाठी आधी चढायचं! म्हणून लेहमध्ये दोन-तीन दिवस राहा, गाडीत ऑक्सिजन ठेवा आणि डोकं दुखत असेल त्याला पँगाँगला नेऊ नका.

आणि रोज संध्याकाळी प्रत्येकाला नाव घेऊन विचारा, "डोकं दुखतंय का?" सगळ्यांसमोर लाजून कोणी लपवत असेल, तर बाजूला घेऊन विचारा.