कुंडलचे नगरपण
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या दिवशी गटारे आणि घरपट्टी यांविषयी बोलणे काहींस औचित्य सोडून वाटेल. परंतु येथून आपण ज्या रस्त्याने घरी जाणार, त्याची चिंता कोणत्या ज्ञातीने वाहावयाची? म्हणून कुंडलास नगरपंचायत असावी काय, या प्रश्नाचा विचार आम्ही येथे मांडीत आहोत.

कुंडल केवळ शेतीवर जगणारे खेडे राहिलेले नाही. 1910 साली औंध संस्थानच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला, तेव्हा शेजारच्या स्थानकाचे नाव कुंडल रोड होते. पुढे ते नाव किर्लोस्करवाडीकडे गेले आणि कुंडलचे तरुण भोंग्याच्या वेळेवर चालू लागले. आज येथे साखर कारखाना आहे, वनाधिकाऱ्यांची प्रबोधिनी आहे, झरी पार्श्वनाथाच्या यात्रेकरूंची ये-जा आहे. गाव वाढले, गावाचा आराखडा मात्र कोणी काढला नाही. किर्लोस्करवाडी आखून वसविली गेली, आणि कुंडल जागा मिळेल तसे पसरले. हा फरक पावसाळ्यात निराळा सांगावा लागत नाही.

1965 च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे नगरपंचायतीसाठी लोकसंख्या 10 ते 25 हजार असावी लागते आणि बिगरशेती रोजगाराचे प्रमाणही पाहिले जाते. तालुक्याचे ठाणे असलेल्या पलूसला 2016 साली नगरपरिषदेची निवडणूक झाली. पलूसला मिळाले म्हणून आम्हांसही हवे, हा युक्तिवाद आम्हांस पोरकट वाटतो. खरे कारण आराखड्याचे आहे. नगरपंचायत ही 1966 च्या नगररचना अधिनियमाखालील नियोजन प्राधिकरण होते. रस्ता, बाजार, मैदान यांसाठी जागा राखून ठेवण्याचा अधिकार तिला मिळतो.

त्याची किंमतही सांगितली पाहिजे. करांचा बोजा वाढण्याचा संभव आहे. ग्रामीण घरकुलाच्या व रोजगाराच्या योजना सुटतात, आणि शेतमजुरास त्याची झळ प्रथम लागते. आरक्षणात अडकलेला भूखंड वर्षानुवर्षे मालकाच्या ना उपयोगाचा, ना गावाच्या, अशीही उदाहरणे महाराष्ट्रात थोडी नाहीत. शिवाय ग्रामसभा उरत नाही.

हे शेवटचे कुंडलास सर्वांत जड जावे. 1939 साली औंधच्या राजांनी सत्ता प्रजेच्या हाती दिली, तेव्हा कुंडल त्याच संस्थानात होते. 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटील आणि येथलेच जी. डी. बापू लाड यांच्या प्रतिसरकारने याच मुलखात तंट्यांचे निवाडे लोकांसमोर केले. अशा गावाने आपला कारभार 17 नगरसेवक आणि एक मुख्याधिकारी यांच्यावर सोपवून स्वस्थ बसावे, हे आम्हांस पटत नाही.

तरीही आमचे मत नगरपंचायतीच्या बाजूचे आहे. मात्र प्रारूप अधिसूचना निघून हरकती मागविल्या जातील, तेव्हा मजुरांच्या वस्त्यांतूनही त्या लेखी गेल्या पाहिजेत. लिहून देण्याचे काम आपल्या शिकलेल्या मुलांनी करावे. प्रभाग ठरल्यावर आपल्या ज्ञातीचा उमेदवार कोण, ही चौकशी या मंडळाकडे आणू नये. आणि रस्ता रुंद करण्याची वेळ आली, तर आपल्यापैकी अनेकांचे ओटे व पायऱ्या गटारावर आलेल्या आहेत. त्या आपण आधी काढाव्या. शेजाऱ्याच्या पायऱ्यांची गोष्ट त्यानंतर बोलता येईल.