गाडी पुढे, कंपनी मागे

(रेडिओवरील भाषण)



२०२१च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एका नव्या विजेच्या गाडीची रेंज जाहीर केली. एकदा पूर्ण चार्ज केल्यावर ५२० मैल, म्हणजे जवळपास ८३७ किलोमीटर. तोवर कोणत्याही विजेच्या गाडीला एवढा आकडा मिळालेला नव्हता. टेस्लासुद्धा शंभराहून जास्त मैलांनी मागे होती. या गाडीचं नाव लुसिड एअर आणि कंपनीचं नाव लुसिड मोटर्स. कंपनी कॅलिफोर्नियातली. नोव्हेंबरात ‘मोटरट्रेंड’ या जुन्या मासिकाने एअरला २०२२ची सर्वोत्तम गाडी ठरवलं. त्याच महिन्यात शेअर बाजारात लुसिडचं मूल्य फोर्ड कंपनीच्याही वर गेलं. फोर्ड तेव्हा वर्षाला लाखांनी गाड्या विकत होती. लुसिडने मात्र ते वर्ष संपेपर्यंत ग्राहकांच्या हाती दिलेल्या गाड्या होत्या फक्त १२५.

पुढच्या वर्षी २० हजार गाड्या बनवू, असं कंपनीने सांगितलं होतं. २०२२च्या फेब्रुवारीत हे उद्दिष्ट १२ ते १४ हजारांवर आलं. ऑगस्टमध्ये ते आणखी उतरून ६ ते ७ हजार झालं. वर्षअखेर गाड्या बनल्या ७,१८० आणि ग्राहकांपर्यंत पोचल्या ४,३६९. २०२३मध्ये पोचल्या ६,००१, आणि त्या वर्षीचा तोटा होता सुमारे २८० कोटी डॉलर. तोट्याला गाड्यांनी भागून पाहा. दर गाडीमागे साडेचार लाख डॉलरहून जास्त तोटा पडतो, आणि गाडी विकली जात होती साधारण ऐंशी हजार डॉलरपासून पुढे. या भागाकारात संशोधनाचा, कारखान्याचा आणि पुढच्या मॉडेलचा खर्चही धरला आहे, हे खरं. पण तो खर्चही शेवटी विकलेल्या गाड्यांतूनच निघायचा असतो.

जाणकारांनी वाखाणलेली गाडी हाताशी असूनही कंपनीचा जीव मेटाकुटीला का येतो? आज आपण याचाच विचार करू.

आधी थोडा इतिहास. लुसिडची सुरुवात २००७ साली ‘अटिव्हा’ या नावाने झाली. तेव्हा ती गाड्या बनवत नव्हती, विजेच्या वाहनांसाठी बॅटरी आणि त्यासंबंधीचं तंत्र विकसित करत होती. २०१३मध्ये पीटर रॉलिन्सन हे ब्रिटिश अभियंते तिथे आले. जॅग्वार आणि लोटस या कंपन्यांत काम केलेले रॉलिन्सन टेस्लात असताना ‘मॉडेल एस’चे मुख्य अभियंता होते. २०१६मध्ये कंपनीने लुसिड हे नाव घेतलं, स्वतःची आलिशान गाडी बनवायचं ठरवलं, आणि २०१९मध्ये रॉलिन्सन मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. म्हणजे ज्या माणसाने टेस्लाला मोठं करणारी गाडी घडवली, तोच आता त्या गाडीला मागे टाकायला निघाला होता.

सुरुवात महागड्या गाडीनेच का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचं कारण सरळ आहे. विजेच्या गाडीत बॅटरी हा सर्वांत खर्चिक भाग. नव्या कंपनीला कोणताच सुटा भाग स्वस्तात मिळत नाही, कारण तिची खरेदीच थोडी असते. हा जादा खर्च पंधरा-वीस हजार डॉलरच्या गाडीत लपत नाही, लाख डॉलरच्या गाडीत लपतो. म्हणून आधी श्रीमंतांसाठी थोड्या गाड्या बनवायच्या, त्या पैशातून आणि नावलौकिकातून त्याहून स्वस्त गाडी काढायची, आणि मग सर्वसामान्यांपर्यंत यायचं. टेस्लाने हीच वाट धरली. २००८मध्ये ‘रोडस्टर’ ही स्पोर्ट्स गाडी, २०१२मध्ये ‘मॉडेल एस’, आणि २०१७मध्ये आवाक्यातली ‘मॉडेल ३’.

ती वाटही काही सोपी नव्हती. २००८च्या अखेरीस टेस्ला दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. २००९मध्ये मर्सिडीजची मालक असलेल्या डाइमलरने ५ कोटी डॉलर घातले. पुढे अमेरिकी सरकारच्या ऊर्जा खात्याने साडेसेहेचाळीस कोटी डॉलरचं कर्ज दिलं. कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा तयार कारखाना जनरल मोटर्स आणि टोयोटाच्या भागीदारीतून मोकळा झाला आणि टेस्लाच्या पदरात पडला. एवढं सगळं होऊनही २००३ साली स्थापन झालेल्या या कंपनीने पूर्ण वर्षाचा नफा पहिल्यांदा पाहिला तो २०२०मध्ये. पण टेस्लाला एक गोष्ट मिळाली, ती तिच्या मागून आलेल्या कोणालाच मिळाली नाही. ती म्हणजे मोकळं मैदान. २०१२मध्ये ‘मॉडेल एस’च्या तोडीची दुसरी विजेची आलिशान गाडी बाजारात नव्हतीच.

लुसिडची पहिली गाडी रस्त्यावर आली तेव्हा मैदान भरलेलं होतं. पोर्शेची ‘टायकान’ २०१९पासून विकली जात होती. मर्सिडीजची ‘ईक्यूएस’ २०२१मध्ये आली, बीएमडब्ल्यूची ‘आय सेव्हन’ २०२२मध्ये. आणि टेस्ला स्वतःच आता प्रस्थापित झाली होती. २०२३च्या जानेवारीपासून टेस्लाने आपल्या गाड्यांच्या किमती वारंवार उतरवल्या. ज्याचा कारखाना पूर्ण क्षमतेने चालतो त्याला हे परवडतं. लुसिडला परवडत नव्हतं, तरी टेस्लाच्या मागोमाग जावंच लागलं. ‘एअर’चं सर्वांत स्वस्त रूप ८७,४०० डॉलरवरून २०२४च्या फेब्रुवारीपर्यंत ६९,९०० डॉलरवर आलं. गाडी जवळपास तीच, खर्च साधारण तोच, आणि मिळकत साडेसतरा हजार डॉलरने कमी.

जुन्या कंपन्यांचं बळ कुठे आहे, हेही पाहायला हवं. २०२४मध्ये ‘टायकान’ची विक्री सुमारे ४० हजारांवरून २१ हजारांच्या आसपास घसरली, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आली. लुसिडसारख्या कंपनीला असा फटका बसता तर तिथेच कुलूप लागलं असतं. पोर्शेने त्या वर्षी एकंदर तीन लाखांहून जास्त गाड्या विकल्या. एका मॉडेलचं नुकसान बाकीच्या मॉडेलांनी सोसलं. मर्सिडीजची ‘ईक्यूएस’ जर्मनीत झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात पेट्रोलच्या ‘एस क्लास’बरोबर एकाच असेंब्ली लाइनवर बनते. विजेच्या गाड्यांची मागणी कमी झाली की त्याच लाइनवर पेट्रोलच्या गाड्या वाढवता येतात. याचं उदाहरण आपल्याकडेही आहे. २०२२च्या सप्टेंबरमध्ये मर्सिडीजने पुण्याजवळ चाकणला ‘ईक्यूएस ५८०’ची जोडणी सुरू केली. कारखाना आधीपासून होता, कामगार तयार होते, शोरूम आणि सर्व्हिस सेंटर होती. एका नव्या मॉडेलची भर पडली, इतकंच. नव्या कंपनीला यातली प्रत्येक गोष्ट शून्यापासून उभी करावी लागते.

लुसिडने अॅरिझोना राज्यात कासा ग्रांदे इथे स्वतःचा कारखाना उभारला. २०१९च्या डिसेंबरमध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं. गाडीची मोटर, बॅटरी पॅक आणि त्यांचं नियंत्रण हे सगळं कंपनी स्वतः बनवते, आणि तिचं खरं कौशल्य त्यातच आहे. पण २०२२मध्ये घोडं अडलं ते भलतीकडेच. जगभर इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा होता, तरी लुसिडच्या व्यवस्थापनाने तक्रार केली ती काच आणि आतल्या कार्पेटसारख्या साध्या मालाची. बॅटरीतला पेच सोडवायला हुशार अभियंता पुरतो. पण काच वेळेवर, हव्या त्या दर्जाची आणि हजारोंच्या संख्येने यायला पुरवठादारांशी वर्षानुवर्षांचे संबंध लागतात. मर्सिडीजची ऑर्डर आणि नवख्या कंपनीची ऑर्डर एकाच दिवशी आली, तर पुरवठादार आधी कोणाचा फोन उचलेल, हे सांगायला नको.

श्रोतेहो, आलिशान गाडीच्या धंद्यात मुळातच एक विसंगती आहे. अशी गाडी विकताना ती सगळ्यांकडे नसणं हाच तिचा मोठेपणा असतो. पण कारखान्याचा खर्च भरून निघतो तो संख्येने. वर्षाला कितीतरी जास्त गाड्या बनवण्यासाठी बांधलेल्या कारखान्यातून ७-८ हजारच बाहेर पडल्या, तर यंत्रं, इमारत आणि पगार यांचा सगळा बोजा त्या थोड्या गाड्यांवर पडतो. जुन्या कंपन्या ही विसंगती इतर गाड्यांच्या जोरावर झाकतात. एकच गाडी विकणाऱ्या कंपनीला ती झाकायला जागा नसते.

यानंतर येतो ग्राहकाचा विश्वास. दागिना कितीही सुबक असला तरी लग्नाचं सोनं आपण पिढीजात सराफाकडूनच घेतो. उद्या मोडायची वेळ आली तर पेढी जागेवर असेल ना, हा विचार त्यामागे असतो. लाख डॉलरची गाडी घेणाराही हेच पाहतो. आणि ही भीती काल्पनिक नाही. फिस्कर या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने ‘ओशन’ नावाची विजेची एसयूव्ही काढली आणि २०२४च्या जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. ज्यांनी गाडी घेतली होती, ते सॉफ्टवेअर कोण सुधारणार आणि सुटे भाग कुठून मिळणार या विवंचनेत पडले. न विकलेल्या सुमारे तीन हजार गाड्या न्यूयॉर्कच्या एका भाडेगाडी कंपनीने पडेल भावात उचलल्या. एक नवी कंपनी बुडाली की तिच्यासारख्या बाकीच्यांकडेही ग्राहक संशयाने पाहू लागतो. पुन्हा विकताना भाव कमी येणार, या धास्तीने नवी गाडीही खपत नाही.

चार्जिंगचीही अडचण आहे. लुसिड एअरची विद्युत रचना ९०० व्होल्टच्या वरची आहे, आणि योग्य चार्जर मिळाला तर ती फार वेगाने चार्ज होते. पण अमेरिकेतलं सर्वांत मोठं आणि भरवशाचं चार्जिंगचं जाळं टेस्लाचं. २०२५मध्ये एअरच्या मालकांना ते वापरायची सोय झाली. मात्र तिथले बहुतेक चार्जर कमी व्होल्टेजचे, त्यामुळे एअर तिथे जास्तीत जास्त ५० किलोवॅट इतक्याच वेगाने वीज घेऊ शकते. गाडीचं तंत्र पुढचं असल्यामुळेच ती रस्त्यावरच्या व्यवस्थेशी जुळत नाही. आणि ती व्यवस्था आहे प्रतिस्पर्ध्याच्या हातात.

मग लुसिड अजून टिकून कशी आहे? याचं उत्तर रियाधमध्ये आहे. सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने २०१८मध्ये १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम गुंतवायचं ठरवलं आणि नंतर पुन्हा पुन्हा पैसे घातले. २०२४च्या ऑगस्टमध्येच आणखी १५० कोटींची घोषणा झाली. कंपनीची निम्म्याहून जास्त मालकी या निधीकडे आहे. सौदी सरकारने दहा वर्षांत एक लाखापर्यंत गाड्या घेण्याचा करार केला आहे, आणि २०२३च्या सप्टेंबरमध्ये जेद्दाहच्या उत्तरेला जोडणीचा कारखानाही सुरू झाला. तेलावर श्रीमंत झालेला देश तेलानंतरच्या दिवसांची तजवीज करतो आहे. त्याला घाई नाही, आणि लुसिडला या घडीला सर्वांत जास्त गरज वेळेचीच आहे. पण ज्याच्या पैशावर वेळ मिळतो, कंपनीचं भवितव्यही त्याच्याच मर्जीवर राहतं.

कंपनीच्या जमेच्या बाजूही सांगायला हव्यात. ‘एअर प्युअर’ हे तिचं २०२५चं मॉडेल एका युनिट विजेत सुमारे आठ किलोमीटर धावतं. इतकी काटकसर असली की लहान बॅटरीवर भागतं, आणि लहान बॅटरी म्हणजे कमी खर्च. हे तंत्र इतरांनाही हवं आहे. ब्रिटनच्या अॅस्टन मार्टिनने २०२३मध्ये लुसिडशी मोटर आणि बॅटरीसाठी करार केला. २०२४मध्ये ग्राहकांपर्यंत १०,२४१ गाड्या पोचल्या आणि दर गाडीमागचा तोटा आधीच्या वर्षापेक्षा बराच खाली आला. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘ग्रॅव्हिटी’ ही एसयूव्ही कारखान्यातून बाहेर पडू लागली. अमेरिकी ग्राहकाचा ओढा सेडानपेक्षा अशा गाड्यांकडेच आहे. २०२५मध्ये उबरने ३० कोटी डॉलर गुंतवण्याचं आणि चालकाविना धावणाऱ्या टॅक्सीसेवेसाठी सहा वर्षांत किमान २० हजार ग्रॅव्हिटी वापरात आणण्याचं ठरवलं. रॉलिन्सन मात्र २०२५च्या फेब्रुवारीत प्रमुखपदावरून बाजूला झाले. इथून पुढचं काम खरेदी, वितरण आणि खर्चाला आवर घालणाऱ्या माणसांचं आहे.

माझं मत विचाराल, तर आलिशान गाडीपासून सुरुवात करून खाली यायची टेस्लाची वाट आता नव्या कंपनीला एकट्याने चालता येणार नाही. दुसऱ्याचा दीर्घकाळचा पैसा आणि दुसऱ्याला विकता येईल असं तंत्र, या दोन्ही गोष्टी हाताशी असतील तरच तिने या फंदात पडावं. लुसिडकडे सध्या दोन्ही आहेत. तिचा खरा निकाल लागेल तो तिने जाहीर केलेल्या सुमारे ५० हजार डॉलरच्या मध्यम आकाराच्या गाडीवर. ती वेळेवर, ठरलेल्या किमतीत आणि मोठ्या संख्येने आली, तरच कंपनी स्वतःच्या पायावर उभी राहील.

विजेच्या गाड्यांच्या नव्या कंपन्या आपल्याकडेही निघत आहेत, त्यांच्या जाहिराती आणि शेअर आपल्यापर्यंत येणार आहेत. तेव्हा श्रोतेहो, रेंज किती आणि शून्यापासून शंभराचा वेग किती सेकंदांत, हे जरूर ऐका. पण पैसे घालण्याआधी तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी किती गाड्या ग्राहकांच्या दारात पोचल्या? दर गाडीमागे किती पैसे बुडाले? आणि आणखी पाच वर्षं तोटा सोसायला मागे कोण उभं आहे? या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर गाडीचं कौतुक करा आणि पैसे खिशातच ठेवा.