मालकाची हजेरी कोण मांडणार?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



गावातल्या कुणालाही विचारा, यंदा मजुरीवर किती गेले? निंदणीचे, फवारणीचे, काढणीचे आकडे तो तोंडपाठ सांगतो. मग विचारा, तुमची स्वतःची मजुरी किती झाली? तो हसतो. मालकाला कसली मजुरी, म्हणतो. आपला तोटा या हसण्यात दडलेला आहे.

किराणा दुकानदार, पिठाची गिरणीवाला यांचेही बहुधा असेच चालते. गल्ल्यातून लागेल तसे उचलायचे आणि वर्षअखेर उरेल त्याला नफा म्हणायचे. प्राप्तिकराचा कायदाही एकट्या मालकाने स्वतःला दिलेला पगार खर्चात धरत नाही. भागीदारीत मात्र काम करणाऱ्या भागीदाराचा पगार ठरावीक मर्यादेपर्यंत खर्ची टाकता येतो. कायद्याचे काय ते असो, वहीत तरी आपण आपल्याला फुकट धरू नये.

साधा हिशेब करू. समजा, घरी दोन गाई आहेत. दिवसाला २० लिटर दूध, भाव ३० रुपये, म्हणजे ६०० रुपये आले. चारा, पेंड, औषध यांवर ४२० गेले. १८० उरले. घरधनी म्हणतो, सुटले! आता धारा काढणे, वैरण कापणे, शेण उचलणे, डेअरीवर दूध घालणे, असे दोघांचे मिळून ६ तास धरा. गावात आठ तासांची मजुरी ४०० रुपये असेल तर ताशी ५० झाले. सहा तासांचे ३००. हातात १८०. रोजचा तोटा १२० रुपये, लिटरमागे ६ रुपये. गाईच्या किमतीचे व्याज आणि भाकड काळाचा खर्च अजून धरलेलाच नाही. ही सहा रुपयांची सूट दूध पिणाऱ्याला कोण देते? पहाटे चारला उठणारी घरची बाई देते.

आम्ही शेतकी शास्त्र शिकलो. उत्पादन खर्चाच्या तक्त्यांत घरच्या श्रमांची किंमत धरण्याची रीत जुनीच आहे. रोख खर्च म्हणजे ‘ए-२’. त्यात कुटुंबाची मजुरी मिळवली की ‘ए-२ अधिक कौटुंबिक श्रम’. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरले की ‘सी-२’. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली. सरकारने ती दीडपट ‘सी-२’ वर नव्हे, अलीकडच्या पायरीवर मोजली. खंड आणि व्याज त्यात नाही. शिवाय कुटुंबाची मजुरी धरली तरी ती हाताच्या कामाची. पेरावे काय, विकावे कधी, कर्ज काढावे किती, या डोक्याच्या कामाचे दाम त्यात नाहीत.

मग स्वतःला द्यावे किती? आमचे सांगणे असे. हे काम उद्या दुसऱ्याकडून करून घ्यायचे झाले तर जे द्यावे लागेल, ती आपली मजुरी. बायको, मुलगा, म्हातारा बाप, ज्याने काम केले त्याची हजेरी त्याच्या नावाने मांडा. खंड आणि व्याज वेगळे लिहा. एवढे सगळे वजा जाऊन उरेल तोच नफा. तो जोखमीचा मोबदला आहे, घरखर्चाचा पैसा नव्हे. पीक एकदा येते, पोट बारा महिने असते. म्हणून मालाची पट्टी आली की घरखर्चाचे बारा भाग करून दरमहा ठरलेली उचल घ्या. उचल मजुरीपेक्षा कमी पडली तर बाकी ‘येणे’ म्हणून लिहा.

कुणी म्हणेल, मिळतच नाही ते लिहून काय उपयोग? भाव तर व्यापारी ठरवतो. खरे आहे. वहीत लिहिल्याने बाजारभाव चढत नाही. पण कोणते पीक आपल्याला ताशी दहा रुपये देते आणि कोणते साठ, हे कळते. कोणते सोडायचे ते ठरवता येते. गूळ, डाळ, रोपे आपण थेट विकतो, तिथे भाव सांगण्याआधी मजुरी धरता येते. आणि हमीभावाचे बोलणे निघाले की हातात आकडा असतो.

तेव्हा या हंगामात एकच करा. शंभर पानांची वही आणा. पहिल्या पानावर घरच्या बाईचे नाव लिहा, तिचे तास मांडा. पुढच्या मेळाव्याला ती वही घेऊन या. गावोगावच्या वह्या एकत्र मांडू, मग भावाचे बोलू.