आधी उजेड, मग रंग

भाट्ये किनाऱ्यावरची संध्याकाळ टॅबलेटवर रंगवली: समुद्र, सुरूचं बन, काजळी नदीचं मुख. रंग नीट निवडले, तरी चित्र मळकट दिसतंय? मग आधी उजेड-अंधार तपासा. चित्राची एक कृष्णधवल प्रत काढा. सुरू आणि आकाश एकाच करड्या छटेत मिसळत असतील, तर दोष तिथेच आहे.

गिंप आणि क्रिटा ही मोफत सॉफ्टवेअर. त्यांत 'लेव्हल्स' उघडा. नेहमीच्या आठ-बिट चित्रात तिथला आलेख ० म्हणजे काळा ते २५५ म्हणजे पांढरा, असा उजेड दाखवतो. आलेख मधेच गोळा झाला असेल, तर टोकांचे त्रिकोण आत सरकवा. पण बेतानं, कारण संध्याकाळ मुळातच मंद असते. मधल्या छटा 'कर्व्हज'नं उजळा. शेवटी 'कलर बॅलन्स'मध्ये उजळ भागाला केशरी, सावल्यांना निळसर झाक द्या.

क्रिटात हे बदल वेगळ्या फिल्टर लेअरवर करता येतात; मूळ चित्र शाबूत राहतं. काम करताना स्क्रीनचा 'नाइट मोड' मात्र बंद ठेवा, त्याच्या पिवळसर झाकेनं डोळे फसतात. आणि रंग ठरवण्यापूर्वी एकदा किनाऱ्यावर जाऊन मावळतीचा उजेड नीट पाहून या.