सातबाऱ्यावरचा शिक्का

शिरूर आणि दौंड तालुक्यांत जमिनीचा व्यवहार ठरण्याआधी घेणारा सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना बघून घेतो. तिथे 'पुनर्वसनासाठी राखीव' अशी नोंद असली, की बोलणी तिथेच थांबतात. अशी जमीन कसता येते. पण विकायची किंवा भावाभावांत वाटायची तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. गावात या नोंदीला नुसते 'शिक्का' म्हणतात. 'शिक्के उठवा' ही मागणी या भागातल्या कित्येक सभांमधून झालेली आहे.

या शिक्क्याचे मूळ सह्याद्रीच्या खोऱ्यांत आहे. मोसे नदीवर वरसगाव, आंबीवर पानशेत, भीमेवर चासकमान, भामा नदीवर आसखेड अशी धरणे बांधली गेली आणि वरची गावे पाण्याखाली गेली. खाली मुठेचा उजवा कालवा दौंडच्या शिवारातून पुढे इंदापूरकडे गेला, चासकमानचा डावा कालवा शिरूरमध्ये आला. ज्यांची भातखाचरे बुडाली, त्यांना जमीन द्यायची ती कालव्याखालची, असे सरकारने ठरवले. म्हणजे एका धरणासाठी भूसंपादन दोनदा: एकदा खोऱ्यात बुडिताखालचे आणि दुसऱ्यांदा लाभक्षेत्रात, ठराविक मर्यादेपेक्षा जास्त जमीन असलेल्या खातेदाराकडून स्लॅबप्रमाणे.

यामागचे तत्त्व न्यायाचे आहे, हे ठामपणे सांगायला हवे. याच पुणे जिल्ह्यात 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचे शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. 1894 च्या भूसंपादन कायद्याच्या जोरावर त्यांची जमीन एका कंपनीच्या प्रकल्पासाठी घेतली जात होती. तो कायदा पैसे देण्यापुरता होता. उठवलेल्या माणसाने पुढे कुठे जायचे, यावर त्यात एक शब्द नव्हता. पुढे धरणग्रस्तांच्या चळवळी झाल्या, 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही मागणी पुढे आली आणि महाराष्ट्राने 1976 मध्ये पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला. त्याच्या जागी पुढे 1986 चा आणि मग 1999 चा कायदा आला. पाण्याचा लाभ ज्याच्या शेतात पोचतो, त्याने बुडालेल्यासाठी वाटा द्यावा, यापेक्षा सरळ न्याय कोणता?

बिघडले ते वेळेच्या हिशेबात. शिक्का आधी पडला आणि पाणी मागून यायचे राहिले. भामा आसखेडचेच पाहा. खेड, हवेली आणि दौंड हे त्याचे लाभक्षेत्र ठरले होते. जमिनी राखीव झाल्या, शेतीचे कालवे मात्र मागे पडले आणि जानेवारी 2021 पासून धरणाचे पाणी पुणे शहराच्या पूर्व भागाला मिळू लागले. कालवाच नाही, तर लाभक्षेत्र कसले? दुसऱ्या बाजूला धरणग्रस्तही अडकलेला. पर्यायी जमिनीसाठी त्याने मोबदल्यातली 65 टक्के रक्कम सरकारकडे भरायची होती. ज्यांनी ती भरली नाही त्यांचा हक्क उरतो का, यावर वर्षानुवर्षे न्यायालयात वाद चालले. शिक्का असलेला आणि जमीन मागणारा, दोघेही शेतकरीच.

कारखान्यांसाठी रस्ता वेगळा. शिरूरमधले रांजणगाव आणि दौंडमधले कुरकुंभ ही एमआयडीसीची क्षेत्रे आहेत आणि एमआयडीसीचे भूसंपादन 1961 च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियमाने होते. आधी येते कलम 32(2) ची नोटीस: तुमची जमीन का घेऊ नये, ते सांगा. म्हणणे ऐकल्यावर 32(1) ची अधिसूचना निघते आणि त्या क्षणी मालकी सरकारकडे जाते. दर वाटाघाटीने ठरू शकतो. म्हणून 32(2) ची नोटीस हातात पडली, की गावाने एकत्र बसावे. अधिसूचना निघून गेल्यावर बोलण्याजोगे फारसे हाती राहत नाही.

1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या केंद्राच्या 2013 च्या भूसंपादन कायद्याने मोबदल्याचे गणित बदलले. बाजारभाव काढताना मुद्रांक शुल्काचा सरकारी दर आणि मागच्या तीन वर्षांतली खरेदीखते पाहतात. खेड्यात त्या भावाला एक ते दोन यांमधल्या गुणकाने गुणतात आणि तेवढीच दिलासा रक्कम वर देतात. दहा लाखांचा भाव आणि दोनचा गुणक धरला, तर चाळीस लाख होतात. पण मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात किंमत कमी लिहायची जुनी सवय इथे अंगाशी येते. आणि जिथे शिक्क्यामुळे खरेदीविक्रीच थांबलेली, तिथे पुराव्याला खरेदीखते आणायची कुठून?

मालमत्तेचा हक्क 44 व्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत हक्क राहिला नाही. अनुच्छेद 300-अ मध्ये तो घटनात्मक हक्क म्हणून आहे. त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 16 मे 2024 रोजी कोलकाता महापालिकेच्या एका खटल्यात उलगडून सांगितला: नोटीस, सुनावणी, सकारण निर्णय, सार्वजनिक प्रयोजन आणि योग्य भरपाई तर हवीच, शिवाय भूसंपादन ठरल्या वेळेत चालले पाहिजे आणि शेवटास गेले पाहिजे. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्यासाठी यातला हा वेळेचा भाग सर्वांत मोलाचा आहे. जमीन घ्यायची तर घ्या, नको असेल तर मोकळी करा. दोन्हींच्या मध्ये तिला लटकत ठेवण्याचा अधिकार सरकारला कोणी दिलेला नाही.

शेतकऱ्याच्या बाजूला मुदती मात्र फार आखूड आहेत. 2013 च्या कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीला 60 दिवस मिळतात. मोजणीला स्वतः उभे राहावे. विहीर, पाइपलाइन, झाडे पंचनाम्यात आली का ते पाहावे. रक्कम कमी वाटली तर ती घेताना 'हक्क राखून' असे लेखी द्यावे, कारण तसे न लिहिता पैसे उचलले, तर वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला त्या अर्जासाठी निवाड्यापासून सहाच आठवडे असतात.