मुष्टियुद्ध आणि मजुराची मुलगी

स्त्रियांनी मुष्टियुद्ध खेळावे काय, हा वाद जुना आहे. पुरुषांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये १९०४ साली आले; स्त्रियांना २०१२ पर्यंत तिष्ठावे लागले. विरोधकांचा एक आक्षेप गंभीर आहे : डोक्यावरील आघातांनी मेंदूस इजा होते. परंतु मेंदू पुरुषांनाही असतोच! तेव्हा हा आक्षेप खेळाविरुद्ध ठरतो, स्त्रीविरुद्ध नव्हे. उरते शालीनतेची सबब. ऊसतोडीच्या फडात डोक्यावर मोळी वाहणाऱ्या बाईला ती कोणी ऐकवीत नाही.

समर्थक मात्र पदके मोजून थांबतात. याच धाराशिव जिल्ह्यातील सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. २०२० साली अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी सांगितले, की एके काळी घरी दिवसाला एकच जेवण असे. चांगले अन्न मिळे ते शिबिरात. खो-खोला तर फारशी साधनेही लागत नाहीत. मुष्टियुद्धाला हातमोजे हवेत, रिंग हवी, मार्गदर्शक हवा आणि रोजचा खुराक हवा. मजुराच्या मुलीसाठी हा खर्च कोणी उचलावयाचा? परवानगी द्यावी की देऊ नये, यावर हिरिरीने भांडणारे दोन्ही पक्ष या हिशेबाशी येताच गप्प होतात.